शाळा तात्पुरती नसते

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगून टाकतो. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात वारी आहे, आणि मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा आजही आमच्या दाराशी सडा-रांगोळी होते. दुसरं, इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांचा मी कैवारी नाही. ३१ वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. त्यातली शेवटची दहा वर्षं पट टिकवण्यासाठी दर जून महिन्यात घरोघर फिरण्यात गेली. मुलं आमच्याकडून उठून कुठे जात होती ते मला नीट माहीत होतं, आणि त्या शाळांबद्दल मी स्टाफरूममध्ये काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरी गेली चार वर्षं मी चर्चच्या जमिनीवर चालणाऱ्या एका खाजगी शाळेची फाईल काखोटीला मारून कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो आहे. माझी नात तिथे चौथीत आहे हे एक कारण. दुसरं असं की त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना सातबारा वाचता येत नव्हता आणि मला येत होता. शाळेचं नाव मी लिहिणार नाही, तालुकाही सांगणार नाही. मुक्ताईनगरहून एसटीने जाता येतं एवढं पुरे. ज्या कचेरीबद्दल पुढे लिहितो आहे तिचंही नाव घेत नाही. तिथल्या माणसांची बदली झाली तरी फाईल तिथेच राहणार आहे.

शाळेला १७ वर्षं झाली. पहिल्या तुकडीतली एक मुलगी आज परिचारिका आहे. आणि जमिनीच्या कागदावर अजून लिहिलेलं आहे : अकृषिक वापराची परवानगी तात्पुरती, एक वर्षासाठी. दर वर्षी अर्ज, दर वर्षी चौकशी, दर वर्षी तलाठ्याचा पंचनामा. त्यात दर वर्षी तेच वाक्य, की जागेवर शाळा चालू असल्याचे दिसून आले. आदेशात एक अट आहे : पक्के बांधकाम करता येणार नाही. म्हणून आठ वर्ग पत्र्याखाली भरतात. खानदेशातला एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. पारा ४४-४५वर जातो. शाळा सकाळची केली तरी साडेदहाला पत्रा तडतडायला लागतो आणि चौथीचा वर्ग उठून कडुनिंबाखाली जाऊन बसतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाया खणायचा म्हटलं तर ते पक्कं बांधकाम. तेही पत्र्याचंच आहे.

आमच्या भागात महसूल खात्याची भाषा लोकांना फार लवकर कळते. इथले आमदार २०१४ ते २०१६ या काळात राज्याचे महसूलमंत्रीच होते, त्यामुळे एनए, वर्ग दोन, फेरफार हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. पण शब्द माहीत असणं वेगळं आणि कायद्यात काय लिहिलंय ते माहीत असणं वेगळं. मी कायदा वाचला तो निवृत्तीनंतर, रिकामपणामुळे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. कलम ४२ सांगतं की शेतीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बिगरशेती कामाला वापरता येणार नाही. कलम ४४ परवानगी कशी मागायची आणि कशी द्यायची ते सांगतं. त्यात दोन मुदती आहेत, आणि माझं सगळं भांडण त्या दोन मुदतींमध्ये मावतं. नेहमीच्या अर्जावर ९० दिवसांत निर्णय कळवायचा. वापरातला बदल तात्पुरता असेल तर १५ दिवसांत. मुदतीत कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. म्हणजे तात्पुरता वापर आणि कायमचा वापर यांत कायद्याने स्वतःच फरक केलेला आहे. सर्कशीचा तंबू, जत्रेतले पाळणे, लग्नाचा मांडव हे तात्पुरते. तंबू उठला की जमीन पुन्हा नांगराखाली. शाळा यात कशी बसते? पहिलीत आलेलं पोर दहावी पूर्ण करायला दहा वर्षं लागतात. दहा वर्षांच्या कामाला एका वर्षाची परवानगी देणं म्हणजे विहीर खणायला अर्ध्या तासाची परवानगी देणं. गणिताच्या मास्तराला हे खटकतं, कचेरीला खटकत नाही.

'मुदतीत उत्तर नाही म्हणजे परवानगी मिळाली' या तरतुदीबद्दल मला फार उत्साह वाटला होता. ९० दिवस उलटले तेव्हा मी पेढे घेऊन शाळेत गेलो. बाईंनी विचारलं, "सर, पण कागद कुठे आहे?" कागद नव्हता. कचेरीच्या गप्प बसण्याची नक्कल प्रत मिळत नाही. बँकेच्या माणसाने शाळा-इमारतीच्या कर्जाचा अर्ज ज्या सभ्यपणे परत केला तो मी विसरणार नाही. त्याला सनद हवी होती.

आमच्या तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. त्या चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं होतं ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मायना काय लिहावा हे कळेना म्हणून त्याने कागद कोराच पाठवला, आणि मुक्ताई म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हा अजून कोराच राहिला. पण त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचं उत्तर गेलं. आम्ही लिहून-भरून पाठवतो आणि कोरं मिळतं.

आता कचेरीची बाजूही सांगायला हवी, कारण तिथला एक कारकून मला चांगला माणूस वाटला. तो म्हणाला, "सर, कायमची द्यायला आमची ना नाही. पण जमीन कोणाची, शाळा कोणाची आणि करार किती वर्षांचा, ते आधी सांगा." मी बाईंकडे गेलो. बाई विश्वस्तांकडे गेल्या. तिथून जे बाहेर आलं ते वाचून मी चर्चवाल्यांवर चिडलो, आणि अजून चिडलेला आहे.

जमीन चर्चच्या न्यासाची, शाळा चालवते दुसरी संस्था. दोन्हींत माणसं थोडीफार तीच, पण कागदावर दोन. चर्चच्या न्यासाने संस्थेला जमीन वापरायला दिली ती ११ महिन्यांच्या कराराने, आणि तो करार १७ वर्षं दर ११ महिन्यांनी नवा होतो. का, असं विचारलं तर एका विश्वस्ताने सांगितलं, "तशी पद्धत आहे." पद्धत कशी पडली ते मला कायद्यात सापडलं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ३६. न्यासाची शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची असेल, किंवा बिगरशेती जमीन वा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. मंजुरी नको, म्हणून मुदत लहान. आणि आकडे पुन्हा पाहा. जमीन शेतीची असेपर्यंत विश्वस्तांना आयुक्तांकडे न जाता दहा वर्षांचा करार करण्याची मोकळीक आहे. ती एनए झाली की मोकळीक तीनवर येते. मग विश्वस्तांना एनए हवी कशाला?

म्हणजे शाळेच्या तात्पुरतेपणाची सुरुवात सरकारी कचेरीत होत नाही. ती चर्चच्या बैठकीत होते, प्रार्थनेनंतरच्या चहाबरोबर. सरकारने फक्त त्याच्यावर शिक्का मारला. ज्यांच्या हातात जमीन आहे त्यांना ती मोकळी ठेवायची आहे, कारण महामार्गालगतच्या जमिनीला आज भाव आहे. नागपूर-सुरत महामार्ग चौपदरी झाल्यापासून एकराचे बोलणारे लोक गुंठ्याचे बोलायला लागले. उद्या पेट्रोल पंपवाला आला, मंगल कार्यालयवाला आला, तर? कोणी असं तोंडाने म्हणालं नाही. पण ११ महिन्यांचा करार दुसरं काय म्हणतो?

मला राग येतो तो इतिहासामुळे. या भागात चर्चच्या ताब्यात जमिनी आल्या कशा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी मिशनने भुसावळ, मलकापूर, खामगाव, अकोला या पट्ट्यात ठाणी उभारली. १८९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले, आणि मिशनच्या आवारांत अनाथ पोरं आली. पोरं आली म्हणून शाळा आल्या. पश्चिम खानदेशात नवापूर-नंदुरबारकडे स्कँडिनेव्हियन मिशनचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. नगरला तर अमेरिकन मराठी मिशनची शाळांची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते तिथल्याच मिस फरार यांच्याकडे. त्या लोकांच्या हेतूंवर मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण मिशनच्या आवारात शाळा ही पाहुणी म्हणून आलेली नव्हती. कित्येक ठिकाणी देऊळ बांधायच्या आधी ओसरीवर शाळा भरत होती. (इथले जुने ख्रिस्ती लोक चर्चला 'देऊळ'च म्हणतात, त्याची मला फार गंमत वाटते.) त्या वारशाचे आजचे विश्वस्त शाळेला भाडेकरू म्हणून वागवतात, तेही बॅचलर भाडेकरूसारखं.

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षी बाईंच्या फाईलमध्ये एक हरकत आली. दोन पानी, छापील, खाली सह्या. मजकूर असा की सदर जागेवर शिक्षणाच्या नावाखाली धर्मांतराचा प्रकार चालतो, तरी परवानगी देऊ नये. सह्या करणाऱ्यांपैकी दोघांची मुलं त्याच शाळेत शिकतात. एकाला मी विचारलं. तो माझा विद्यार्थी होता, अपूर्णांक त्याला कधी जमले नाहीत. म्हणाला, "सर, पोरं सह्या घेत फिरत व्हते, मी बी करली." मी म्हटलं, शाळा बंद झाली तर? "तसं कसं व्हईल सर? पोरगी तठी शिकते ना."

मी या हरकतीला हसून सोडत नाही. सक्तीचं धर्मांतर होत असेल तर तो गुन्ह्याचा विषय आहे. तक्रार करा, पुरावा द्या, पोलिसांनी चौकशी करावी. पण जमिनीचा वापर ठरवताना विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. रस्ता आहे का? महामार्गाच्या मध्यापासून इमारत किती लांब? पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं? वरून विजेची तार जाते का? पूररेषा कुठे? आग लागली तर पोरं कोणत्या दाराने बाहेर पडतील? या प्रश्नांना धर्म नाही. शाळेत सकाळी कोणती प्रार्थना म्हणतात याने सांडपाण्याचा उतार बदलत नाही. हरकत आली म्हणून फाईल थांबली, हरकत फेटाळलीही नाही आणि मान्यही केली नाही, आणि तात्पुरत्या परवानगीची मुदत आणखी एक वर्ष वाढवली. म्हणजे ज्यांना धर्मांतराची खरीच भीती आहे त्यांचंही काम झालं नाही. त्यांनी आरोप केला तो तपासलाच गेला नाही. वर्षभर लोंबकळत ठेवला, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून.

आणि ही गोष्ट फक्त चर्चची नाही हे हरकतवाल्यांनी ध्यानात घ्यावं. देवस्थान इनामाच्या जमिनींवर किती शाळा, वसतिगृहं उभी आहेत! वक्फच्या जमिनींवर आहेत. त्यांचेही सातबारे काढून बघा, इतर हक्कात काय काय अटी आहेत ते वाचा. आज जी काठी चर्चच्या शाळेवर उगारली ती उद्या मठाच्या शाळेवर उगारायला फार कष्ट पडणार नाहीत.

माझी भाची अमेरिकेत असते. तिची मुलं रविवारी मराठी शिकायला जातात ती शाळा एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरते, भाड्याने. बाराखडीच्या तक्त्यामागे क्रूस. कोणाला काही वाटत नाही. तिथेही चर्चच्या आवारात रोजची शाळा काढायची तर गावाच्या नियोजन मंडळाकडे अर्ज करावा लागतो. शेजाऱ्यांना नोटीस जाते, उघडी सुनावणी होते. धार्मिक संस्थांच्या जमीनवापरावर अवाजवी बंधनं घालता येऊ नयेत म्हणून तिथे २००० साली केंद्राने स्वतंत्र कायदाही केला. तिथली माणसं आपल्यापेक्षा थोर आहेत असं नाही. भाची सांगते, ज्याला त्या धर्माचा राग असतो तोही सुनावणीत गाड्यांच्या गर्दीबद्दल बोलतो. पण गाड्यांच्या गर्दीला उत्तर देता येतं. फाटक बदला, वेळ बदला. आमच्याकडे हरकत कोणत्या टेबलावर आहे तेच कळत नाही.

कोणी म्हणेल, नियम ढिले करा असं तुमचं म्हणणं आहे. अजिबात नाही. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग लागली आणि ९४ मुलं गेली. स्वयंपाकाच्या शेडमधून ठिणगी आली, गवती छपराने पेट घेतला, बाहेर पडायची वाट चिंचोळी. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली शाळांच्या सुरक्षेबद्दल आदेश दिले. त्याच वर्षीच्या शिक्षणहक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, मैदान, कुंपण असे निकष घातले. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. मला हे निकष कडक हवेत. माझं म्हणणं इतकंच की एक खातं सर्व ऋतूंत टिकणारी इमारत मागतं आणि दुसरं खातं पक्कं बांधकाम करू नका म्हणून लिहून देतं. या दोघांच्या मध्ये आठ पत्र्याचे वर्ग उभे आहेत. तात्पुरती परवानगी सुरक्षेच्या बाजूची नाही. ती पत्र्याच्या, वायरी लोंबणाऱ्या शेडच्या बाजूची आहे.

आणखी एक. २०१७ नंतर सरकारने संहितेत कलम ४२ड आणलं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असलेली जमीन कर आणि शुल्क भरलं की निवासी वापराला बिगरशेती झाली असं मानायचं. प्लॉट पाडणाऱ्यांची चांगली सोय झाली. आमच्याकडे २०१८ साली नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली तेव्हापासून तर चुन्याच्या रेघा मारलेली शेतं बघायची सवयच लागली आहे. प्लॉटसाठी जी वाट एवढी रुंद होऊ शकते ती शाळेसाठी का होत नाही?

तर मग काय करावं? मला वाटतं, कायमची परवानगी द्यावी, आणि ती फुकट देऊ नये. फुकट म्हणजे पैशाने नाही.

पहिलं, विश्वस्तांनी धर्मादाय आयुक्तांकडे जावं आणि शाळेच्या संस्थेला निदान ३० वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा द्यावा. ही मंजुरी मागायला त्यांना कोणीही अडवलेलं नाही. दुसरं, सनदेत वापर 'केवळ शैक्षणिक' असा लिहावा आणि तो सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढवावा. शाळा बंद झाली तर परवानगी संपली. पेट्रोल पंप काढायचा तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा सुनावणी. विश्वस्त म्हणतील, मग जमिनीला भाव काय राहिला? भाव राहू नये म्हणूनच ही नोंद. समाजाकडे शाळा म्हणून कायमचेपणा मागायचा आणि स्वतःच्या खिशात भूखंड म्हणून मोकळीक ठेवायची, या दोन्ही गोष्टी एकदम मिळणार नाहीत.

तिसरी अट बाईंनाही आवडलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षणहक्क कायदा लागू होत नाही असं ठरवलं. त्यामुळे दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागांचं बंधनही गेलं. २०२५ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाने पाहावा असं म्हटलं आहे. त्याचं व्हायचं ते होईल. पण शाळेने आपणहून चारातली एक जागा ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या, केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्यांच्या पोरांना द्यावी. घटनेचं कलम ३० तुम्हाला शाळा चालवायचा हक्क देतं, गरिबाला बाहेर ठेवायची सक्ती करत नाही. बाई म्हणाल्या, "फी कुठून आणू सर? पत्रे बदलायचे आहेत." मी म्हटलं, पक्की इमारत झाली तर दर दोन वर्षांनी पत्रे बदलावे लागणार नाहीत. त्या हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत.

मागच्या महिन्यात विश्वस्तांच्या बैठकीला मला बोलावलं होतं. सातबारा, करारांचा गठ्ठा आणि कलम ३६ची छापील प्रत घेऊन गेलो. दीड तास बोललो. एक वयस्कर गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त, शेवटपर्यंत गप्प होते. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं की आयुक्तांकडच्या अर्जाला ठरावाची प्रत लागेल का. लागेल, म्हटलं. ठरावाचा मसुदा तिथेच बसून मी मराठीत लिहून दिला. नऊपैकी पाच सह्या झाल्या आहेत. उरलेल्या चौघांपैकी दोन जण पुण्याला असतात, एक आजारी आहे, आणि एक म्हणतो की आधी एनए होऊ द्या, मग बघू. कचेरी म्हणते, आधी करार होऊ द्या, मग बघू. या वर्षीच्या तात्पुरत्या परवानगीची मुदत ३१ मार्चला संपते आणि चौथीची परीक्षा एप्रिलात आहे. बुधवारी मी पुण्याच्या गाडीचं तिकीट काढलं आहे.